मध वाढवा

फार फार जुन्या काळी, डोंगरांना अजून टक्कल पडलेलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरी राज्यात एक राणी राहत होती. राजा बहुतेक सरहद्दीवर असायचा, म्हणून राज्यकारभार तीच बघायची, आणि तोही उभ्याउभ्या बघायची. तिच्या पायाला भिंगरी होती. खिडकीतून दाराकडे, दारातून पाळण्याकडे, पाळण्यापासून पुन्हा खिडकीकडे. जेवायला बसली तरी तिचा एक गुडघा हलत राहायचा.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. तिला आधी एक मुलगा होता. तो तापाने अंथरुणाला खिळला तेव्हा राजवैद्याने जिवाचं रान केलं. शेवटी एका दुपारी मान खाली घालून तो म्हणाला, "आईसाहेब, बाळराजे वाचायचे नाहीत." दिवस मावळायच्या आत बाळराजे गेले.

मुलगा तापाने गेला हे राणीला कळत नव्हतं असं नाही. पण तापाला चेहरा नव्हता. त्या वाक्याला होता, राजवैद्याचा. वैद्य तसं बोलला नसता तर तसं झालं नसतं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि एकदा मनाने घेतलं की तिथे कुणाचं काय चालणार? तिने वैद्याला काढून टाकायचं ठरवलं, पण राजा म्हणाला, असा वैद्य पुन्हा मिळायचा नाही. मग राणीने वैद्य ठेवला आणि शब्द काढून टाकले.

पुढे मुलगी झाली तेव्हा राज्यात दवंडी पिटली गेली: यापुढे कुणी अशुभ शब्द उच्चारायचा नाही. जो उच्चारील त्याने सरहद्दीपलीकडे चालू लागावं.

बाळांनो, तुम्ही हसाल. आणि बाळांच्या मागे बसून चोरून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही हसाल. पण जरा थांबा. आपणही दुकान बंद करत नाही, वाढवतो. देवापुढे नारळ फोडत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, शांत करतो. घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणालं की दुसरं कुणीतरी हटकतंच, "येतो म्हण." यात वाईट काही नाही. ती माया आहे. पण मायेनेही कुठे तरी थांबायला हवं, आणि आमच्या राणीला थांबणं ठाऊक नव्हतं.

त्या नगरात आगीला 'ऊब' म्हणू लागले. एका लोहाराच्या छपराने पेट घेतला तेव्हा तो बिचारा "ऊब आली, ऊब आली" असं ओरडत रस्त्याने धावला, आणि शेजारी म्हणाले, बरं झालं बाबा, थंडी फार आहे. चोराला 'पाहुणा' म्हणत. सोनाराच्या घरात पाहुणा शिरल्याची हाकाटी झाली, तर पलीकडच्या बाईने खिडकीतून विचारलं, "मग, आज पुरण घातलं का?" आजारी माणूस आराम करत असायचा, आणि मेलेला माणूस फारच आराम करत असायचा.

'विष' या शब्दाला मात्र दुसरा शब्द दिलाच नव्हता. आपल्या राज्यात त्याचं काम कशाला पडेल, असं राणीला वाटलं.

राजवाड्यामागे मोठी बाग होती. राणीने तिथल्या झाडांनाही सोडलं नाही. कण्हेरीला ती 'देवशोभा' म्हणायची आणि अफूच्या ताटव्याला 'स्वप्नराणी'. एका वर्षी उत्तरेच्या पहाडातून आलेल्या व्यापाऱ्यांनी गुलाबी फुलांची झुडपं नजर केली. म्हाताऱ्या माळ्याने ती लावून घेतली आणि सांगितलं, "आईसाहेब, तिकडची मानसं ह्येला भोवळी म्हंत्यात."

राणीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "शी! असलं नाव बागेत नको. हिचं नाव सुखकळी."

माळ्याला खरं तर आणखी एक गोष्ट सांगायची होती. व्यापारी जाताना म्हणाले होते, फूल डोळ्यांनी बघा, याचा मध जिभेला लावू नका. पण राणी कानांवरचे हात काढायला तयार नव्हती, आणि माळ्याला म्हातारपणी सरहद्दीपलीकडे जायचं नव्हतं. त्याने ते बोलणं गिळलं. झुडपं कितीतरी वर्षं नुसती पानांनीच वाढत राहिली, त्यामुळे गिळलेलं बोलणं त्याला पचलंही.

राजकन्येचं नाव अमृतवल्ली. नाव केवढं आणि मुलगी केवढी! एवढ्या मोठ्या नावाखाली ती दिसायचीच नाही. तिला सांभाळणारी दाई मात्र कुणी जवळपास नसलं की तिला धोंडी म्हणायची. दाईच्या गावाकडे रीतच होती: घरातलं एक मूल गेलं की पुढच्याला धोंडू, केरू, दगडी असं काही तरी ओबडधोबड नाव द्यायचं, म्हणजे वाईट नजर त्याला ओलांडून पुढे जाते. राणीची भीती आणि दाईची भीती एकच होती, त्यावरचे उपाय तेवढे उलटे होते. मुलीला दोन्ही नावं चालायची, पण धोंडी म्हटलं की ती धावत यायची.

त्या वर्षी वसंतात गुलाबी झुडपं पहिल्यांदा फुलली, आणि अशी फुलली की पान दिसेना. बागेतल्या पोळ्यांवरच्या माशा दुसऱ्या कुठल्या फुलाकडे बघेनात. दिवसभर त्यांची गुणगुण वाड्यात भरून राहायची. राणीला ती गुणगुण ऐकून आणखीच बसवेना. ती सारखी सज्जात जायची आणि परत यायची.

नवा मध निघाला. रंगाला जरासा तांबूस, वासाला गोड. राणी लेकीला रोज सकाळी चमचाभर मध द्यायची. त्या सकाळीही तिने तो आपल्या हाताने चाटवला.

मुलीने तोंड वाकडं केलं. "आई, जीभ चावते."

"चावते नाही म्हणायचं, बाळ," राणी म्हणाली. "नाचते म्हणायचं."

"नाचते," मुलगी म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "ओठपण नाचतात. आणि मला गरगरतंय."

"गरगरतंय नाही. झुलतंय."

मुलगी शहाणी होती. आई सांगेल ते शब्द ती लगेच उचलायची. दुपारी ती पाटावर बसल्याबसल्या दाईच्या अंगावर कलली, तेव्हा राणीने विचारलं, "काय होतंय गं माझ्या सोन्याला?" आणि मुलगी मलूल हसून म्हणाली, "झुलतंय."

राणीने तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. ती समाधानाने खिडकीकडे गेली, दाराकडे गेली, पण लेकीचं ते मलूल हसू तिच्या डोळ्यांपुढून हलेना. सगळं छान चाललं आहे, तर मग हे काय, असं तिला वाटलं. तिने ते वाटणंही अशुभ म्हणून मनातून झटकलं. संध्याकाळपर्यंत मुलगी हिंडूफिरू लागली.

तिकडे बागेत माळ्याने पोळ्याखाली ठिबकलेला मध बोटाला लावून चाखला होता. त्याचे ओठ बधिर झाले, कपाळाला घाम फुटला, आणि तो आंब्याच्या बुंध्याला धरून कितीतरी वेळ बसून राहिला. गिळलेलं बोलणं इतक्या वर्षांनी वर आलं. अंगात थोडं त्राण आल्यावर तो काठी टेकत वाड्यात गेला.

राणी सज्जात फेऱ्या घालत होती. माळी तिच्या मागे मागे चालू लागला, कारण ती थांबतच नव्हती.

"आईसाहेब, नव्या मधाचं बोलायचं व्हतं."

"बोला की. किती सुरेख रंग आहे!"

"रंग हाय जी. पर..." माळ्याने चहूकडे पाहिलं. दाराशी भालदार उभे होते. तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला आणि त्याने तो परत लोटला. मग त्याला एक वाट सापडली. दुकान वाढवतात, नारळ वाढवतात, फुटकी बांगडीही वाढवतात. संपवायचं, फेकायचं, मोडायचं असं काही असलं की या नगरात वाढवायचंच असतं. तो हात जोडून म्हणाला, "त्यो मध वाढवावा, असं म्या म्हंतो."

राणी पहिल्यांदाच थांबली. "वाढवावा?"

"व्हय जी. लवकर वाढवावा. आपल्या लेकराच्या हिताचं हाय."

राणीचा चेहरा उजळला. सकाळी मुलीला झुललं, नाचलं, ते मध कमी पडला म्हणूनच! हा म्हातारा झाडापेडांतला माणूस, त्याला कळायचंच. "वाढवते," ती म्हणाली. "उद्या सकाळीच वाढवते."

माळ्याने सुस्कारा टाकला. आपण सांगितलं, आईसाहेबांना समजलं, कुणाचं काही बिघडलं नाही. दोघांनी एकमेकांना अगदी नीट समजून घेतलं होतं, आणि दोघंही खुशीत आपापल्या वाटेने गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीने चमच्याऐवजी वाटी घेतली.

मुलीने अर्ध्यातच मान फिरवली. "नको आई. नाचते फार."

"एवढं संपव, माझी राणी ती. हिताचं आहे." राणीने तिची हनुवटी धरून वाटी रिकामी केली. ही गोष्ट सांगताना माझी जीभ इथे येऊन नेहमी अडखळते. पण त्या आईच्या मनात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं, हेही सांगायलाच हवं.

उन्हं सज्जात उतरायच्या आत मुलीच्या तोंडातून लाळ गळू लागली. ती घामाने भिजून गेली. ती उठून उभी राहिली आणि जागच्या जागी कोसळली. दाईने उचलून पलंगावर टाकली, तर भडाभडा उलटी झाली. पापण्या जड झाल्या, हातपाय गार पडले.

"आगं माझे धोंडे!" दाई किंचाळली.

"असं नाव घेऊ नका!" राणी ओरडली. "काही झालेलं नाही. काही झालेलं नाही. तिला छान करा. छान दिसू दे तिला."

मग सगळ्या दासी धावल्या. कुणी लाळ पुसली, कुणी घाम टिपला. उलटीचे कपडे बदलून भरजरी परकर नेसवला. गालांना चंदनाचं उटणं चोपडलं, अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, डोळ्यांत काजळ घातलं. दोघी वाळ्याच्या पंख्यांनी वारा घालू लागल्या. राणी पलंगाभोवती फिरत होती, एकेक गोष्ट बोटाने दाखवत होती, इथे पुसा, तिथे लावा. आजाराची एकही खूण अंगावर राहिली नाही, फक्त आजार राहिला.

राजवैद्य आला. राणीसमोर वावरायचं तर कसं बोलायचं, हे तो इतक्या वर्षांत शिकला होता. तरी पलंगाकडे बघताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मनगट हातात घेतलं. नाडी इतकी संथ चालली होती की दोन ठोक्यांच्या मध्ये त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"काय होतंय राजकन्येला?" त्याने विचारलं.

दासींनी राणीकडे पाहिलं. मग एक म्हणाली, "तोंडाला पाणी सुटलंय."

"म्हणजे भूक लागली आहे?"

"नाही... नुसतंच सुटलंय."

दुसरी म्हणाली, "पोट हलकं झालं मघाशी."

"आणि अंग?"

"अंग शांत आहे."

वैद्याने कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं, पण चंदनानेही कपाळ गार होतं. मान ओली होती, पण गुलाबपाण्यानेही मान ओली होते. "काय खाल्लं होतं?" त्याने विचारलं.

"अमृत," राणी म्हणाली. वाड्यात मधाला अमृत म्हणत.

"कोणत्या फुलाचं?"

"सुखकळीचं."

वैद्याने अनेक झाडांची मुळं, पानं, फळं, चीक, सगळं शिकून घेतलं होतं. पण सुखकळी नावाचं झाड कुठल्या गुरूने त्याला शिकवलं नव्हतं. ते असतं तर शिकवणार ना! त्याने मनगट सोडलं नाही. तो हळूच म्हणाला, "आईसाहेब, बागेत स्वप्नराणी आहे, देवशोभा आहे. मुलांचा हात कुठेही जातो. स्वप्नराणीचं बोंड पोटात गेलं असेल, तर राजकन्येला निजू देता येणार नाही. उभं करून, बोलतं करून चालवत ठेवावं लागेल. देवशोभा असेल तर पोट आधी रिकामं करायला हवं. आणि तिसरंच काही असेल आणि मी तिला उभं केलं, तर..."

तो थांबला.

"तर काय?" राणी फिरता फिरता म्हणाली.

वैद्याच्या ओठांवर तेच जुनं वाक्य आलं होतं. त्याने एकदा ते उच्चारलं होतं, आणि तेव्हापासून या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवायची त्याला हिंमत झाली नव्हती. त्याने मान खाली घातली, अगदी त्या दुपारसारखी.

"तर दिवा शांत होईल, आईसाहेब."

राणीचे पाय जागच्या जागी खिळले. दिवा शांत होईल! इतका गोड शब्द, तिनेच राज्याला शिकवलेला. पण त्या गोड शब्दाच्या आत काय आहे ते तिला लख्ख दिसलं. आत तेच होतं. नाव बदललं म्हणून ते कुठेही गेलेलं नव्हतं.

"मरेल म्हणा!" ती ओरडली. "दिवा काय, दिवा! मरेल म्हणा की सरळ! माझी पोर मरेल!"

आणि तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

महालात कुणी हललं नाही. पंखे थांबले. सगळ्यांची नजर पलंगाकडे गेली. राणीचीही गेली, आणि ती वाट बघू लागली की आता होईल, तेव्हा झालं तसं आता होईल.

मुलीची छाती हलकेच वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. तो शब्द महालभर फिरला होता आणि कुणालाही न शिवता खिडकीतून निघून गेला होता.

राणीने तोंडावरचे हात काढले. "बोला," ती म्हणाली. "सगळे बोला. जे आहे ते. लवकर बोला."

मग एकदम बांध फुटला. "लाळ गळतेय हो केव्हाची!" "उलटी झाली, दोनदा!" "उठून उभी ऱ्हायली आन् दानकन पडली." "घाम किती, पाट वाहत होते!" दाई रडत म्हणाली, "काल बी व्हटाला मुंग्या येत व्हत्या तिच्या. चावतंय म्हनली व्हती लेकरू, पैल्यांदा चावतंयच म्हनली व्हती."

राणीने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात ओरडा ऐकून माळी आत आला. त्याने पलंग पाहिला, मग पलंगाखाली पडलेली चाटून पुसून रिकामी वाटी पाहिली, आणि काठी टाकून दोन्ही हात जोडले. "वाढवा म्हंजी फेका म्हनलो व्हतो मी! आईसाहेब, फेका म्हनलो व्हतो! भोवळीचा मध हाय त्यो. इशारी हाय."

"भोवळी!" वैद्य जवळजवळ उभाच राहिला. "बागेत भोवळी आहे? हे कुणी सांगितलं का नाही मला?"

सगळ्यांनाच उत्तर ठाऊक होतं, आणि उत्तरात सगळ्यांचाच थोडा थोडा वाटा होता. वैद्याच्याही ते लक्षात आलं.

आता त्याला वाट दिसत होती. "पंखे बंद. चंदन पुसा, गुलाबपाणी पुसा, कोरडं करा. घोंगडी आणा, उबेला हवी ती. उशी काढा डोक्याखालची, सपाट झोपू दे. कुणीही हिला उठवून बसवायचं नाही, उभं तर मुळीच करायचं नाही. भोवळीत रक्ताचा जोर ओसरतो, उभं केलं की जीव पायांत उतरतो." दाई मिठाचं पाणी घेऊन धावली, तर तो तिच्यावर खेकसला, "काही पाजू नका! धड शुद्धीत नाही ती, पाणी श्वासनळीत जाईल. उलटी आली तर कुशीवर वळवा."

मग तो राणीकडे वळला. "आणि आईसाहेब, तुम्ही बसा. तिच्या पायाशी बसा. तिचे पाय तुमच्या मांडीवर उंच घ्या. आणि हलू नका."

राणी बसली. कितीतरी वर्षांनी ती अशी बसली. लेकीची गार पावलं तिने मांडीवर घेतली, पदरात गुंडाळली. तिचा गुडघा हलू बघत होता, तिने तो दाबून धरला. सगळं अंग उठून पळ म्हणत होतं, खिडकीकडे, दाराकडे, कुठेही. ती हलली नाही.

"वाचेल का?" तिने विचारलं.

वैद्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "आत्ता सांगता येत नाही. नाडी फार मंद आहे. या विषावर पाजायला उतारा माझ्याकडे नाही. पण ते आपणहून उतरतं. तोवर आपण तिला सांभाळायचं."

राणीला ते ऐकून हुंदका आला, पण जरा बळही आलं. आता जे कानावर येत होतं त्यावर भरवसा ठेवता येत होता. थोड्या वेळाने ती अगदी हळू म्हणाली, "वैद्यबाबा, माझा मुलगा तुमच्या शब्दाने नाही गेला."

"नाही, आईसाहेब."

"मला तेव्हाच ठाऊक होतं." ती रडत होती, आणि मांडी स्थिर होती.

दुपार कलली. मुलीला पुन्हा उलटी झाली, तिला कुशीवर वळवलं. माशा बाहेर गुणगुणत राहिल्या. वैद्य मनगट धरून बसला होता, मधेच डोळे मिटायचा, आणि सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. दिवेलागणीला त्याच्या कपाळावरची आठी किंचित सैल झाली. रात्र तशीच बसून काढली. उजाडताना राणीच्या मांडीवरची पावलं ऊबदार लागू लागली, आणि ही ऊब खरोखरची ऊब होती.

मुलीने डोळे उघडले. काजळ गालांवर पसरलेलं, केस विस्कटलेले. ती आईकडे बघून म्हणाली, "आई, पोटात मळमळतंय."

राणीच्या तोंडून सवयीने निघालंच, "मळमळतंय नाही म्हणाय..."

ती थांबली. पुढे वाकून तिने लेकीच्या पोटावर अलगद हात ठेवला. "कुठे मळमळतंय, धोंडे? मला दाखव बरं."

दाईने पदर तोंडात कोंबला आणि ती दाराआड गेली.

पुढे त्या राज्यात दुकानं वाढतच राहिली आणि नारळही वाढत राहिले. निघणारा माणूस 'येतो' म्हणत राहिला, कारण त्या शब्दांनी कुणाचं काही लपत नव्हतं. पण आगीला पुन्हा आग म्हणू लागले, आणि लोहाराचं नवं छप्पर पेटलं तेव्हा अख्खी आळी घागरी घेऊन धावली. बागेतल्या झाडांना त्यांची नावं परत मिळाली. भोवळी उपटली नाही. तिच्या मोसमातला मध माशांसाठीच सोडत, आणि बागेत कुणी आलं की म्हातारा माळी लांबूनच ओरडायचा, "ही भोवळी! बगायला लई झ्याक, पर मध इशारी!" सांगताना त्याला फार बरं वाटायचं.

राणीचा गुडघा पुढे कधी हलला नाही, असं मी म्हणणार नाही. भीती काही एका दिवसात जात नसते. पण लेक काही सांगू लागली की ती येऊन समोर बसायची, आणि तिचं सांगून होईपर्यंत तिचा एकही शब्द बदलायची नाही.

दुखण्याला गोड नाव दिल्याने दुखणं गोड होत नाही. औषध तेवढं उशिरा पोचतं.